औषधविक्रेत्यांचे मानसिक प्रथमोपचार प्रशिक्षण

मानसिक संकटात सापडलेली, विशेषतः आत्महत्येचे विचार मनात घोळणारी व्यक्ती औषधांच्या दुकानात आली तर ते ओळखावे कसे, तिच्याशी बोलावे कसे आणि तिला उपचारांपर्यंत पोचवावे कसे, याचे फार्मासिस्टना दिले जाणारे शिक्षण. यात निदान करणे अपेक्षित नसते. मोडलेल्या हाताला खपच्ची बांधून माणसाला दवाखान्यात नेतात, त्याच अर्थाने हा प्रथमोपचार.

डॉक्टरकडे नंबर लावावा लागतो, मेडिकलमध्ये नुसते उभे राहिले तरी चालते. गोळ्या संपायच्या आधीच पुन्हा मागितल्या, किंवा संपून पंधरा दिवस झाले तरी कोणी फिरकले नाही, हे पहिल्यांदा कळते ते दुकानदारालाच. एरवी बोलका गिऱ्हाईक चिठ्ठी ठेवून गप्प उभा राहतो, हेही.

मानसिक प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम 2000 साली ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी तयार केला, तो सर्वसामान्य लोकांसाठी. सिडनी विद्यापीठात क्लेअर ओ'रायली व सहकाऱ्यांनी तो फार्मसीच्या विद्यार्थ्यांना देऊन पाहिला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात प्रशिक्षित विद्यार्थ्यांना मानसिक आजार अधिक नेमका ओळखता आला आणि अशा रुग्णांपासून चार हात लांब राहण्याची वृत्ती कमी झाली. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने 2016 मध्ये कायदा करून फार्मासिस्टना आत्महत्या-प्रतिबंधाचे तीन तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. जीवघेणी ठरू शकणारी साधने संकटातल्या माणसाच्या हातापासून दूर कशी ठेवावीत, हा त्यातला महत्त्वाचा भाग. दुकानापुरता त्याचा अर्थ असा, की डॉक्टरशी बोलून औषध महिन्याऐवजी आठवड्याचे द्यायचे आणि घरात साठलेले जुने औषध परत आणायला सांगायचे.

वर्गातला बराच वेळ जातो सरावात. एक जण गिऱ्हाईक होतो, एक काउंटरमागे उभा राहतो, बाकीचे बघतात. "झोपेच्या गोळ्या जरा जास्तच द्या, सारखं यायला नको," असे गिऱ्हाईक म्हणते आणि खरी परीक्षा सुरू होते. तब्येत, झोप, घरचे सगळे विचारून होते. गाडी अडते ती आत्महत्येच्या प्रश्नावर. मराठीत तर तो प्रश्न टाळायची सोय भाषेनेच करून ठेवली आहे. "तसलं काही वेडंवाकडं मनात येत नाही ना?" या वाक्यातला 'ना' समोरच्याच्या तोंडात 'नाही' ठेवूनच थांबतो. प्रशिक्षण सांगते की प्रश्न सरळ हवा: "आत्महत्येचे विचार मनात येतात का?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती जुनी आहे, पण संशोधनातून तिला आधार मिळालेला नाही. उत्तर 'हो' आले तर घाबरायचे नाही, उपदेश द्यायचा नाही, "मुलाबाळांचा विचार करा" तर मुळीच म्हणायचे नाही. ऐकायचे आणि माणसाला एकटे सोडायचे नाही.

भारतात हे प्रशिक्षण फार्मासिस्टना सक्तीचे नाही. पाया मात्र आहे. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाशी औषधाबद्दल बोलणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम ठरवले. मार्च 2014 पासून लागू झालेल्या एच-1 अनुसूचीत, म्हणजे चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवूनच द्यायच्या औषधांच्या सरकारी यादीत, अल्प्राझोलाम, डायझेपामसारखी झोपेसाठी व चिंतेवर दिली जाणारी औषधे आहेत. ती देताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि किती दिले याची नोंद करून वही तीन वर्षे जपावी लागते. तपासणीच्या धाकाने ठेवलेली ही वही उघडून कोण वरचेवर येतो हे पाहणारा दुकानदार विरळाच.

अडचणी व्यवहाराच्या आहेत. आपल्याकडचे मेडिकल म्हणजे रस्त्यावर उघडणारा काउंटर, मागे चार जण पैसे हातात धरून उभे. तिथे असा प्रश्न विचारणार कसा? "जरा बाजूला या, गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगतो," एवढे निमित्त पुरते. छोट्या गावात गिऱ्हाईक ओळखीचे, त्याचा भाऊही ओळखीचा, म्हणून गुप्तता आणखी अवघड. मात्र जीव धोक्यात असेल तिथे गुप्ततेपेक्षा जीव आधी, हेही शिकवले जाते. "पोलिसांचे लफडे नको" ही भीती तर सार्वत्रिक. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि, तसे नव्हते हे सिद्ध झाल्याखेरीज, तिला शिक्षा होत नाही. दुकानदारांपैकी किती जणांच्या कानावर हे गेले आहे, हा वेगळा प्रश्न.

पुढची पायरी म्हणजे माणसाला योग्य हाती सोपवणे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर चालते आणि मराठीतही बोलते. क्रमांक नुसता चिठ्ठीवर लिहून दिला तर तो खिशातच राहू शकतो. म्हणून दुकानातूनच फोन लावून द्यावा, पलीकडून आवाज आला की फोन त्याच्या हातात द्यावा आणि बोलणे संपेपर्यंत बसायला स्टूल पुढे सरकवावे.