दाबले की फुगणारे लोखंड

बाहेर आषाढाचा पाऊस, आणि मांडवीकाठच्या बार्ज दुरुस्तीच्या यार्डात वेल्डरदादा छोट्या ओव्हनमधून एकेक गरम रॉड काढत होते. "रॉड शेकत का ठेवता?" मी विचारले. "सादळलेला रॉड लावला तर जोड आज बरा दिसतो, परवा तडकतो."

तडकवणारा असतो हायड्रोजन. रॉडवरच्या लेपातला ओलावा आर्कच्या उष्णतेने फुटतो आणि हायड्रोजनचे सुटे अणू वितळलेल्या पोलादात शिरतात. पोलाद निवले की त्यांना तिथे जागा पुरत नाही. मग ताण असलेल्या ठिकाणी ते जमत जातात आणि काही तासांनी, कधी दोन दिवसांनी भेग पडते. जास्त मजबुतीच्या, कठीण पोलादाला दहा लाखांत चार-पाच भाग हायड्रोजनही भारी पडतो.

सगळ्या धातूंचे असे नसते. पॅलेडियम स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन पोटात घेते, हे थॉमस ग्रॅहम यांनी १८६६ मध्येच दाखवले होते. लोखंडाला मात्र तो सोसत नाही. निदान आपल्या हवेच्या दाबाखाली तरी.

१९९१ साली शास्त्रज्ञांनी हिऱ्यांच्या दोन टोकांमध्ये हायड्रोजन भरून त्यात लोखंडाचा कण ठेवला आणि दाब वाढवत नेला. हवेच्या दाबाच्या सुमारे ३५,००० पटीला तो कण एकाएकी फुगला! दाबलेली वस्तू फुगते कशी, हा प्रश्न मला फार आवडतो. हिशेब एकट्या लोखंडाचा धरला तर कोडे सुटत नाही, दोघांचा मिळून धरायला हवा. बाहेर वायू म्हणून राहायला हायड्रोजनला बरीच जागा लागते. लोखंडाच्या अणूंमधल्या फटीत तो थोडक्यात मावतो. लोखंड फुगले तरी दोघांची मिळून जागा कमीच होते, आणि दाबाला तेच हवे असते.

पाहुण्याला जागा करताना घराची मांडणीही बदलते. एरवी लोखंडाचे अणू घनाच्या आठ कोपऱ्यांत आणि मधोमध बसलेले असतात. आता ते षटकोनी थरांत रचले जातात, दर चार थरांनी तीच रचना पुन्हा येते, आणि हायड्रोजनचा प्रत्येक अणू लोखंडाच्या सहा अणूंच्या मधे बसतो.

पृथ्वीचा गाभा मुख्यतः लोखंडाचा, पण शुद्ध लोखंडाइतका दाट नाही. त्यात काहीतरी हलके मिसळलेले आहे, आणि संशयितांत हायड्रोजनही आहे. गाभा सुरू होतो तिथेच दाब हवेच्या तेरा लाख पटींहून जास्त असतो. प्रयोगशाळेत मात्र दाब काढला की हायड्रोजन निसटतो आणि लोखंड पूर्ववत होते. म्हणून हे संयुग पाहायचे तर दाबलेल्या अवस्थेतच, हिऱ्यातून क्ष-किरण सोडून पाहावे लागते.