चाहता मंडळाची सांगता

एखाद्या नाटकाच्या, कलावंताच्या किंवा मालिकेच्या चाहत्यांनी चालवलेले मंडळ बंद करताना संग्रह, पैसे आणि आजवर पसरवलेली माहिती यांची निरवानिरव करण्याची पद्धत. ठाणे-नवी मुंबईत अशी मंडळे बहुधा नाट्यगृहांच्या आधाराने जमतात. ठाण्यातील तलावपाळीचे गडकरी रंगायतन (१९७८), घोडबंदर रस्त्याच्या बाजूचे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आणि वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह ही त्यांची नेहमीची ठिकाणे. बहुतेक मंडळे नोंदणीकृत नसतात: चार-सहा उत्साही माणसे, एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि कुणाच्या तरी घरी कपाटभर कात्रणे. प्रयोग थांबले की मंडळ विरते. ठाण्याच्या नौपाडा-पाचपाखाडी भागात हल्ली दुसरेही कारण असते. इमारत पुनर्विकासाला जाते, भाड्याच्या लहान घरात सामान मावत नाही आणि पहिली गदा या कपाटावर येते.

शुद्धिपत्र. सांगतेतले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत टाळले जाणारे काम. ‘कळत-नकळत काही चुकले असल्यास क्षमस्व’ एवढे लिहून मंडळे मोकळी होतात. त्याचा कोणालाच उपयोग नसतो. कामाच्या शुद्धिपत्रात प्रत्येक चुकीपुढे चार गोष्टी हव्यात: काय चुकले, मंडळाच्या कोणत्या छापील अंकात किंवा संदेशात, बरोबर काय आणि त्याला आधार कोणता. आधार सापडत नसेल तर ‘अनिश्चित’ असे लिहावे, अंदाज ठोकू नये.

प्रयोगांच्या आकड्यात हमखास घोळ होतो. नाटक नव्या संचात किंवा दुसऱ्या संस्थेतर्फे आले की क्रमांक कधी पुन्हा एकपासून सुरू होतो, कधी जुन्यात मिळवला जातो. त्यामुळे तारीख आणि नाट्यगृह हे मुख्य धरावे; क्रमांक ‘जाहिरातीप्रमाणे’ असे म्हणून द्यावा. दुसरी नेहमीची चूक छायाचित्राखालच्या नावांची. ‘डावीकडून’ म्हणताना बदली कलाकाराच्या जागी मूळ संचातल्या नटाचे नाव पडते. त्या दिवसाचे तिकीट किंवा जाहिरात जोडलेली असेल तर हे लगेच लक्षात येते. छायाचित्रकाराचे नाव कापून फोटो फिरवला असेल, तर ते नाव परत घालावे.

कुणाच्या आजारपणाची वा निधनाची खोटी बातमी पुढे पाठवली असल्यास तसे स्पष्ट लिहावे. मात्र कलावंताचा घरचा पत्ता, फोन नंबर बाहेर गेला असेल तर तो शुद्धिपत्रात पुन्हा छापू नये. संबंधिताला थेट कळवून आपल्याकडच्या यादीतून तो काढून टाकावा.

संग्रह. खाडीकाठच्या दमट हवेत टाचण्या आणि स्टेपलरच्या पिना गंजून कागदावर डाग पडतात. त्या आधी काढाव्यात. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो, तो शेजारच्या फोटोलाही पिवळा करतो, म्हणून कात्रणे आणि फोटो वेगळे ठेवावेत, मध्ये आम्लमुक्त कागद घालावा. चिकटपट्टी लावू नये. लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा सोडवता येत नाही. आवराआवर पावसाळ्यात काढू नये. स्कॅन करताना कात्रणांना ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) पुरतो, लहान फोटोंना ६०० लागतो. फाइलच्या नावात तारीख आधी, मग नाट्यगृह, मग नाटक. फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी, कारण नावे बहुतेकदा तिथेच पेन्सिलीने लिहिलेली असतात.

प्रेक्षागृहात चोरून केलेले चित्रण ही अवघड वस्तू. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नटांना आपल्या प्रयोगावर ५० वर्षे हक्क असतो, लेखकाचा हक्क त्याहून वेगळा. अशी चित्रणे निरोपाची भेट म्हणून वाटणे चूकच.

संग्रह ग्रंथालयाला द्यायचा असेल तर आधी विचारावे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे आहे, पण जुनी संस्था म्हणजे वाटेल ते स्वीकारणारे गोदाम नव्हे. वस्तूंची यादी, दानपत्र आणि शुद्धिपत्राची प्रत एकत्र द्यावी. शुद्धिपत्र मागे राहिले तर जुन्या चुका ग्रंथालयाच्या शिक्क्यानिशी पुढे जातात.

पैसे. नोंदणी नसलेल्या मंडळाची शिल्लक सहसा एकाच्या खासगी खात्यात असते. आगाऊ घेतलेले तिकिटांचे पैसे आधी परत करावेत, मग जमाखर्च सर्वांना दाखवावा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी असेल तर विसर्जनाला किमान तीन-पंचमांश सभासदांची संमती लागते आणि उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही. ती दुसऱ्या संस्थेला द्यावी लागते.

ग्रुप. आधी संभाषण एक्स्पोर्ट करून घ्यावे, नंतर फक्त ॲडमिनना लिहिता येईल असे करून शुद्धिपत्र टाकावे आणि महिनाभर थांबावे. खऱ्या दुरुस्त्या याच काळात येतात, ॲडमिनला आलेल्या खासगी निरोपांतून. एका रात्रीत ग्रुप उडवल्यास त्या येण्याची वाटच बंद होते.

उरलेले फ्लेक्स कोणतेही ग्रंथालय घेत नाही. एकाचा फोटो काढून यादीत लावावा. बाकीचे पावसाळ्यात गच्चीवर झाकायला मागणारे शेजारी असतातच.