कॉर्नरबॅकची ड्राफ्टपूर्व पारख

विद्यापीठीय अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळणारा कॉर्नरबॅक व्यावसायिक खेळात टिकेल का, आणि टिकणार असेल तर त्याच्यावर ड्राफ्टच्या कितव्या फेरीतली निवड खर्च करावी, हे ठरवण्याच्या प्रक्रियेला ड्राफ्टपूर्व पारख म्हणतात. एनएफएल या व्यावसायिक लीगमधील ३२ संघ दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस सात फेऱ्यांत नवे खेळाडू निवडतात. ही पद्धत १९३६ पासून चालत आली असून, माध्यमिक शाळा सोडून किमान तीन वर्षे झालेला खेळाडूच तिच्यासाठी पात्र असतो.

कॉर्नरबॅक बचावफळीच्या कडेला उभा राहतो आणि प्रतिस्पर्धी रिसीव्हरची, म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलायला धावणाऱ्या खेळाडूची, राखण करतो. आपण कोठे वळणार हे रिसीव्हरला आधीच ठाऊक असते. कॉर्नरबॅकला मात्र ते समोरच्याच्या खांद्यांवरून आणि पावलांवरून, तेही पुष्कळदा उलट्या पावली धावत असताना, ओळखावे लागते. या जागेची पारख विशेष अवघड ठरण्याचे कारण असे की, विद्यापीठात त्याने केलेली कामगिरी जशीच्या तशी पुढच्या पायरीवर नेता येत नाही. त्यामागे प्रतिस्पर्धी अधिक तगडे असतात एवढेच नसते. दोन्ही ठिकाणचे नियमही वेगळे असतात.

एनएफएलने १९७८ मध्ये नियम बदलून रिसीव्हरला रेटण्याची मुभा चेंडू सुटण्याच्या रेषेपासून पाच यार्डांपर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार मीटरपर्यंत, मर्यादित केली. पिट्सबर्ग स्टीलर्सचा धिप्पाड कॉर्नरबॅक मेल ब्लाउंट रिसीव्हरांना वाटेतच जेरीस आणत असे, म्हणून हा बदल आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. विद्यापीठीय खेळात अशी पाच यार्डांची मर्यादा नाही. पास हवेत जाईपर्यंत समोरच्या रिसीव्हरला रेटता येते, धरून ठेवता मात्र येत नाही. दंडातही असाच फरक आहे. पास झेलण्यात बेकायदा अडथळा आणल्यास विद्यापीठात जास्तीत जास्त १५ यार्डांचा भुर्दंड बसतो, तर एनएफएलमध्ये अडथळा जेथे घडला तेथपर्यंत चेंडू नेला जातो, मग ते अंतर ४० यार्डांचे असले तरीही. त्यामुळे ज्याच्या खेळाचा निम्मा भार हातांनी ओढण्या-ढकलण्यावर आहे, असा कॉर्नरबॅक विद्यापीठात उत्तम दिसतो आणि व्यावसायिक मैदानावर दंडच ओढवून घेत राहतो. अनुभवी स्काउट चित्रफीत पाहताना पाच यार्डांपलीकडचा प्रत्येक स्पर्श वेगळा मोजतात तो यासाठीच. शिवाय विद्यापीठीय मैदानावरील दोन हॅशरेषांमध्ये, म्हणजे डाव सुरू करण्यासाठी चेंडू कोठे ठेवायचा हे ठरवणाऱ्या खुणांच्या रांगांमध्ये, ४० फुटांचे अंतर असते, तर एनएफएलमध्ये ते साडेअठरा फूटच असते. विद्यापीठात चेंडू एका हॅशजवळ ठेवला गेला की मैदानाची एक बाजू बरीच रुंद आणि दुसरी अरुंद उरते. सतत अरुंद बाजूला उभ्या राहणाऱ्या कॉर्नरबॅकला सीमारेषेची आयती मदत मिळत असते, याचा विसर पडला तर त्याचे मूल्य फुगते.

पारखीचा खरा आधार चित्रफीत हाच आहे. दूरचित्रवाणीवरचे प्रक्षेपण या कामी फारसे उपयोगी पडत नाही, कारण कॅमेरा चेंडूबरोबर राहतो आणि कॉर्नरबॅक पहिल्या सेकंदातच चौकटीबाहेर जातो. म्हणून उंचावरून घेतलेले, दोन्ही संघांचे सगळे २२ खेळाडू दाखवणारे चित्रण वापरले जाते. त्यात आधी पाहिली जातात ती पावले. रिसीव्हरच्या तोंडाशी उभे राहून त्याची सुरुवातच रोखणे याला प्रेस म्हणतात. या पद्धतीत अधीर कॉर्नरबॅक पहिल्याच हुलकावणीला पुढे झेपावतो, तर जाणता खेळाडू छाती समोर ठेवून छोट्या पावलांनी सरकत राहतो आणि रिसीव्हरने दिशा पक्की केल्यावरच हात लावतो. त्यानंतर येते कंबर वळवणे. उलटे धावता धावता पाठमोरे होऊन पूर्ण वेगाने पळू लागताना ज्याला एखादे जादा पाऊल टाकावे लागते, त्याच्यात आणि रिसीव्हरमध्ये यार्डभर अंतर पडते, आणि एवढे अंतर एनएफएलच्या क्वार्टरबॅकला पुरते. माझ्या मते या जागेसाठी निव्वळ वेगापेक्षा कंबरेची ही मोकळीक अधिक मोलाची आहे, कारण वेगाने चूक भरून काढता येते ती लांब पासवर. दहा-बारा यार्डांवर रिसीव्हर थबकून मागे वळला तर वेगवान कॉर्नरबॅक उलट त्याच्या पुढे निघून जातो.

चेंडू हवेत असतानाचे वर्तन हा चित्रफितीतला सर्वांत बोलका भाग असतो. काही कॉर्नरबॅक रिसीव्हरला चिकटून धावतात, परंतु मान वळवून चेंडू शोधण्याच्या क्षणी गोंधळतात आणि अंगावर आदळून दंड घेतात. काही जण रिसीव्हरचे हात वर जाताना पाहून त्या हातांमधून चेंडू झटकतात, आणि मोजके जण स्वतः रिसीव्हरासारखे उडी मारून तो झेलतात. धावणाऱ्याला खाली पाडण्याची तयारीही पाहिली जाते. पास अडवण्यात वाकबगार असूनही अंग चोरणारा कॉर्नरबॅक प्रतिस्पर्ध्यांना लवकर सापडतो आणि मग धावेचा डाव वारंवार त्याच्याच बाजूने टाकला जातो.

आकडेवारी येथे फसवी ठरते. इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पास स्वतः झेलणे, ही कॉर्नरबॅकची सर्वांत ठळक कामगिरी असली, तरी तिला क्वार्टरबॅकची चूकही लागते. उलट ज्याच्या दिशेने पास टाकण्याचे धाडसच कोणी करत नाही, त्याच्या खात्यावर काहीच जमा होत नाही. सिनसिनाटी विद्यापीठाच्या सॉस गार्डनरने तीन हंगामांत आपल्या राखणीत एकही टचडाउन पास, म्हणजे चेंडू गुणक्षेत्रात पोहोचवणारा पास, होऊ दिला नव्हता. न्यूयॉर्क जेट्सने २०२२ मध्ये त्याला चौथ्या क्रमांकावर घेतले आणि त्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला. पुढच्याच वर्षी याच्या नेमके उलट घडले. मिसिसिपी स्टेटच्या इमॅन्युएल फोर्ब्जने १४ इंटरसेप्शनपैकी सहा थेट टचडाउनपर्यंत नेऊन विद्यापीठीय विक्रम केला होता, परंतु कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टपूर्व शारीरिक चाचण्यांच्या मेळाव्यात, त्याचे वजन अवघे १६६ पौंड, म्हणजे सुमारे ७५ किलो भरले. वॉशिंग्टनने त्याला सोळाव्या क्रमांकावर निवडले. दणकट रिसीव्हरांपुढे तो टिकला नाही आणि दुसरा हंगाम संपण्याआधीच संघाने त्याला सोडले. पुढे लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला घेतले. त्याच्यानंतर लगेच, सतराव्या क्रमांकावर, न्यू इंग्लंड पेट्रियट्सने निवडलेला ओरेगनचा क्रिस्टियन गोन्झालेझ मात्र २०२४ मध्ये ऑल-प्रो संघाच्या, म्हणजे हंगामातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या यादीच्या, दुसऱ्या फळीत पोहोचला.

शारीरिक मापे घेण्यासाठी निवडक तीनशेहून अधिक खेळाडूंना इंडियानापोलिसला बोलावले जाते. हे कम्बाइन १९८७ पासून त्याच शहरात भरत आले आहे. ४० यार्डांची धाव, उभी आणि लांब उडी, वळणांच्या शर्यती, उंची, वजन आणि हाताची लांबी यांची तेथे नोंद होते, आणि कॉर्नरबॅकच्या बाबतीत सर्वाधिक गाजावाजा ४० यार्डांच्या धावेचा होतो. तिचे मोल किती याचे उदाहरण २०२२ च्या कम्बाइनमध्येच सापडते. बेलर विद्यापीठाचा केलन बार्न्स ४.२३ सेकंदांत धावला, तरीही त्याची निवड शेवटच्या, सातव्या फेरीत झाली आणि लीगमध्ये त्याला पाय रोवता आले नाहीत. ४.२६ सेकंदांत धावलेला टेक्सास-सॅन अँटोनियोचा तारिक वूलन पाचव्या फेरीत सिएटल सीहॉक्सकडे गेला आणि पहिल्याच हंगामात सहा इंटरसेप्शन घेऊन लीगमध्ये संयुक्त अव्वल ठरला. वूलनजवळ वेगासोबत सहा फूट चार इंच उंची आणि त्या प्रमाणात लांब हातही होते. सिएटलनेच २०११ मध्ये पाचव्या फेरीत घेतलेला स्टॅनफर्डचा रिचर्ड शर्मन तर वेगासाठी मुळीच प्रसिद्ध नव्हता. हे दोघेही विद्यापीठात आधी रिसीव्हर होते, हा योगायोग नसावा; समोरचा काय करणार आहे हे त्यांना आतून ठाऊक होते.

शर्मनचे यश संघाच्या बचावपद्धतीपासून वेगळे काढता येत नाही. प्रशिक्षक पीट कॅरल यांच्या पद्धतीत मैदानाचा मागचा भाग तिघांत वाटलेला असे आणि कडेचा कॉर्नरबॅक आपल्या तिसऱ्या भागाची राखण करताना लांब हातांचा पुरेपूर उपयोग करू शके. एखाद्या रिसीव्हरला डावभर एकट्याने सांभाळण्याची पद्धत असलेल्या संघाला वेगळा खेळाडू लागतो. म्हणूनच एकाच कॉर्नरबॅकला एका संघाच्या यादीत पहिल्या फेरीचा आणि दुसऱ्याच्या यादीत तिसऱ्या फेरीचा दर्जा मिळतो, आणि दोन्ही संघ आपापल्या जागी बरोबर असू शकतात. आता बहुतेक संघ निम्म्याहून अधिक डावांत पास रोखणाऱ्या मागच्या फळीत पाचवा बचावपटू मैदानात आणतात. तो आतल्या बाजूला, स्लॉटमध्ये खेळतो आणि तेथे लांबीपेक्षा चपळाई अधिक लागते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ट्रेंट मॅकडफीचे हात ३० इंचांहूनही आखूड भरल्याने अनेकांनी त्याला कमी लेखले होते. कॅन्सस सिटी चीफ्सने २०२२ मध्ये त्याला एकविसाव्या क्रमांकावर घेतले आणि दुसऱ्याच हंगामात तो ऑल-प्रो झाला.

दुखापतींचा इतिहास संघांचे डॉक्टर स्वतंत्रपणे तपासतात, पण त्यावरून काढलेला अंदाज दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. लुईझियाना स्टेट विद्यापीठाच्या (एलएसयू) डेरेक स्टिंग्ली ज्युनियरने २०१९ च्या पहिल्याच हंगामात सहा इंटरसेप्शन घेतले होते, परंतु पुढच्या दोन हंगामांत त्याला एकही मिळाले नाही आणि पायाच्या दुखापतीने त्याचे बरेच सामने हुकले. ह्यूस्टन टेक्सन्सने तरीही २०२२ मध्ये त्याला तिसऱ्या क्रमांकावर, गार्डनरच्याही आधी घेतले, आणि २०२४ मध्ये तो ऑल-प्रोच्या पहिल्या फळीत आला. २०२० मध्ये त्याच क्रमांकावर डेट्रॉइटने निवडलेला ओहायो स्टेटचा जेफ ओकुडा तेव्हा जवळजवळ निर्दोष उमेदवार मानला जात होता. दुसऱ्या हंगामाच्या आरंभीच त्याच्या टाचेमागची कंडरा (अकिलीस) तुटली आणि २०२३ मध्ये डेट्रॉइटने त्याला अटलांटाकडे पाठवले.