अमूर ससाण्याचे संवर्धन, दोयांग खोरे (नागालँड)

नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग जलाशयाच्या काठी अमूर ससाणे दर वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुक्काम करतात. २०१२ साली त्यांची प्रचंड शिकार उजेडात आली आणि पुढच्याच हंगामात ती थांबली. पांग्ती, आशा आणि सुंगरो या लोथा नागा गावांनी ही बंदी स्वतःवर घालून घेतली आणि पाळली. भारतातल्या पक्षिसंवर्धनात इतका झटपट आणि इतका मोठा पालट क्वचितच झाला असेल.

अमूर ससाणा (फाल्को अमुरेन्सिस) हा कबुतराएवढा, जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा शिकारी पक्षी. नर राखाडी, मांड्या तांबूस. उडताना पंखाखालचा पांढरा भाग लख्ख उठून दिसतो. मादीच्या पोटावर काळ्या खुणा असतात. आग्नेय सायबेरिया, ईशान्य चीन आणि मंगोलियाच्या उत्तर भागात त्याची वीण होते, तर आपल्याकडचा हिवाळा तो आफ्रिकेच्या दक्षिण भागात काढतो. या वाटेवर अरबी समुद्र आडवा येतो. सुमारे तीन हजार किलोमीटरचा हा टप्पा न थांबता पार करायचा, तर अंगात चरबी साठलेली हवी. ती ईशान्य भारतात साठते. पावसाळा सरता सरता तिथे जमिनीतून पंखवाल्या वाळवीचे थवेच्या थवे बाहेर पडतात आणि ससाणे त्यांच्यावर ताव मारतात. दोयांगचा मुक्काम चुकला किंवा अर्धवट राहिला, तर पुढचा प्रवास जिवावर बेतू शकतो. म्हणूनच या एका खोऱ्याचे महत्त्व त्याच्या आकाराच्या कितीतरी पट आहे.

दोयांग नदीवरचा जलविद्युत प्रकल्प २००० साली सुरू झाला. धरणाच्या पाण्याखाली शेतजमिनी गेल्या आणि अनेक कुटुंबे मासेमारीकडे वळली. जलाशयाकाठच्या झाडांवर ससाण्यांचे थवे रात्रीच्या थाऱ्याला उतरू लागले, तेव्हा मासे पकडायची नायलॉनची जाळी घरात होतीच. ती झाडांच्या शेंड्यांमध्ये उंच ताणून बांधली जात. संध्याकाळी उतरताना आणि पहाटे उठताना पक्षी त्यांत अडकत. काही मच्छरदाण्यांमध्ये कोंबून जिवंत विकले जात, बाकीचे पिसे उपटून धुरावर सुकवले जात. एका पक्ष्याला मोजके रुपये मिळत, पण पक्षी हजारोंनी सापडत. ज्यांची शेती बुडाली, त्यांच्यासाठी हा वर्षातला सर्वांत मोठा रोख पैसा होता. हे लक्षात न घेता या शिकारीला केवळ क्रूरपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

ऑक्टोबर २०१२ मध्ये रामकी श्रीनिवासन, शशांक दळवी, बानो हरालू आणि रोकोहेबी क्वोत्सु या वन्यजीव संवर्धकांनी हा प्रकार जागेवर जाऊन पाहिला आणि त्याचे चित्रण केले. दिवसाला १२ ते १४ हजार आणि एका हंगामात सव्वा लाखाच्या आसपास पक्षी मारले जात असावेत, असा त्यांचा अंदाज होता. चित्रफीत जगभर पोचली. वनखात्याने जाळी जप्त केली, पक्षी सोडून दिले. पण नुसत्या जप्तीवर हे प्रकरण मिटले असते, असे मानायला फारसा आधार नाही. नागालँडमधली बहुतेक जमीन सरकारची नव्हे, गावाची, कुळाची किंवा कुटुंबाची असते, आणि संविधानाच्या अनुच्छेद ३७१अ नुसार जमिनीची मालकी व रूढी यांना खास संरक्षण आहे. वन्यजीव संरक्षण कायदा तिथेही लागू आहे. मात्र झाडाच्या शेंड्यावरचे जाळे रात्री कोण उतरवणार, हे गावच ठरवते.

म्हणून २०१३ चा हंगाम सुरू होण्याआधीचे महिने बोलण्यात गेले. ग्रामपरिषदांच्या बैठका झाल्या. लोथा समाजात चर्चचा शब्द वजनदार, त्यामुळे पाद्रीही या कामात उतरले. बानो हरालू यांच्या संस्थेने मुलांसाठी निसर्गवर्ग सुरू केले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचाही या मोहिमेत सहभाग होता. गावांनी ठराव करून शिकारीला बंदी घातली आणि मोडणाऱ्याला दंड ठेवला. जाळी लावण्यात मुरलेली काही माणसेच राखणीला उभी राहिली. थवे कुठे उतरतात, कोणत्या वाटेने येतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार! त्या हंगामात दोयांगला जाळी लागली नाहीत.

नोव्हेंबर २०१३ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थानाने हंगेरीच्या तज्ज्ञांच्या मदतीने तीन ससाण्यांच्या पाठीवर सौरऊर्जेवर चालणारे, जेमतेम पाच ग्रॅमचे उपग्रह-संदेशक बसवले. पक्ष्यांना नावे दिली नागा, वोखा आणि पांग्ती. आपल्या गावाच्या नावाचा पक्षी समुद्र ओलांडून सोमालियाला पोचला, ही बातमी कोणत्याही सूचनाफलकापेक्षा परिणामकारक ठरली. पुढे मणिपूरच्या तामेंगलाँग जिल्ह्यातही पक्ष्यांना संदेशक बसवले गेले. तिथे २०१८ साली ‘मणिपूर’ नावाचा ससाणा गोळी लागून मेला, म्हणजे शिकार सगळीकडे संपलेली नव्हती. तामेंगलाँगमध्ये आता हंगामापुरती हवाई बंदुकांवर बंदी घालतात.

संदेशकांमुळे भारतातली वाटही कळली. ईशान्येतून निघालेले पक्षी द्वीपकल्प ओलांडून पश्चिम किनाऱ्याकडे येतात. महाराष्ट्र या वाटेवरच पडतो, आणि हिवाळ्याच्या तोंडावर लोणावळ्याच्या आसपासच्या पठारांवर हे ससाणे पक्षिनिरीक्षकांना दिसतात. ते इथे थोडाच वेळ थांबतात.

पांग्तीचा प्रश्न मात्र पक्षी वाचल्याने सुटलेला नाही. शिकार सोडणाऱ्यांचे उत्पन्न बुडाले. त्याच्या बदल्यात पर्यटनाची आशा होती. हंगामात पाहुणे येतात, काही घरांत मुक्कामाची सोय झाली आहे, निरीक्षणासाठी मनोरेही उभे राहिले. परंतु हंगाम काही आठवड्यांचाच, रस्ते अवघड, आणि पाहुण्यांचा पैसा जाळीवाल्या प्रत्येक कुटुंबापर्यंत पोचतोच असे नाही. पक्षी जगाचा, त्याची किंमत मात्र वोखाच्या डोंगरातल्या काही घरांनी मोजली. त्या घरांना कायमचे उत्पन्न मिळवून देणे हे या संवर्धनाचे अजून अपुरे राहिलेले काम आहे.