स्विमिंग पूलचा पंप बदलताना एचपी शेवटी बघा

पूलचा पंप गेला की दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती एचपीचा टाकू?" ही बोअर-विहिरीची सवय. तिथं पाणी वर चढवायचं असतं. पूलमध्ये ते फिल्टरमधून फिरवून परत आणायचं असतं, म्हणून हेड (पाणी ढकलायला लागणारा जोर, मीटरमध्ये मोजलेला) सहसा ८ ते १२ मीटरच लागतं.

दौलताबाद-खुलताबादकडच्या फार्महाऊसवर पूलला शेतीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) जोडलेला दिसतो. जवळ मिळतो, स्वस्त पडतो. पण तो जास्त हेडसाठी बनवलेला असतो, केस-पाला अडवणारी जाळीची टोपली त्याला नसते आणि क्लोरीनच्या पाण्यात बिडाचे भाग गंजतात. तो पूलला लावू नका, आमच्याकडून घेतलेला असला तरी! आणि शेतीच्या कनेक्शनवर तर पूल अजिबात चालवू नका. तो वीज कायद्याने अनधिकृत वापर ठरतो.

आता हिशेब. पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल असेल तर पाणी भरतं सुमारे ४५,००० लिटर. ते ६ ते ८ तासांत एकदा फिल्टरमधून गेलं की पुरतं, म्हणजे ताशी साडेपाच ते साडेसात हजार लिटर. एवढ्याला दीड एचपी जास्तच होतो.

व्हेरिएबल स्पीड पंपाची, म्हणजे वेग कमी-जास्त करता येणाऱ्या पंपाची, गंमत इथं आहे. वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो, पण लागणारी शक्ती आठव्या भागावर येते. मोटरचा स्वतःचा तोटा धरून प्रत्यक्षात थोडी जास्त लागते. दीड एचपीचा जुना पंप साधारण १.४ किलोवॅट ओढतो, ६ तासांत ८.४ युनिट. निम्म्या वेगावर ०.३ किलोवॅट धरा. तेवढंच पाणी फिरवायला १२ तास लागतील, पण युनिट ३.६ च. शिवाय घरगुती बिल स्लॅबवर असतं. वाचणारी युनिटं वरच्या, महाग स्लॅबमधली असतात.

सॅण्ड फिल्टरच्या बॅकवॉशला (उलटं पाणी सोडून वाळू धुवायला) मात्र पूर्ण जोर लागतो. तेव्हा वेग वाढवायचा.

पूल वर्षातून दोन-तीन महिनेच भरत असाल, तर महागडा पंप वसूल व्हायला फार वर्षं जातील. अशा गिऱ्हाइकाला आम्ही साधा पाऊण एचपीचा पूल पंपच सुचवतो. बॅकवॉशला तो पुरेल का, ते फिल्टरच्या मापावरून आधी तपासून देऊ.

गावाकडचं व्होल्टेज हा वेगळाच विषय. व्हेरिएबल स्पीड पंपात इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं. व्होल्टेज खाली-वर झालं, वीज कडाडली की पहिलं तेच जातं. स्टॅबिलायझर आणि सर्ज प्रोटेक्टर पंपाच्या खर्चातच धरा. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग तर हवंच, कारण पाण्यात मुलं असतात. मे महिन्याच्या उन्हात मोटर उघड्यावर ठेवू नका. सावली करा, पण हवा खेळती राहू द्या.

पाइप अरुंद असेल तर नवा पंपही वीज खातो. शक्य असेल तिथं सक्शनची (पूलमधून पंपाकडे येणारी) लाइन ६३ मिलिमीटरची करा, काटकोनी बेंड कमी करा.

दुकानात येताना पूलची लांबी-रुंदी-खोली, जुन्या पंपाच्या पाटीचा फोटो, पाइपचं माप आणि बॅकवॉशनंतरचं फिल्टरच्या प्रेशर गेजवरचं रीडिंग आणा. एचपी किती, ते त्यावरून काढून देऊ.