पार्श्वभूमी : नव्या विनोदी लेखकासाठी रेडिओचं दार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक. जागनाथ बुधवारीतून पिवळी, इतवारीतून काळी, आणि दोघींच्या मागेपुढे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे. काळ्या मारबतीची परंपरा १८८० च्या दशकापासूनची सांगतात. बडग्याच्या गळ्यात पाटी असते आणि पाटीवर त्या वर्षाचं दुखणं : महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यातले खड्डे, एखादा साथीचा रोग. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत गर्दी ओरडते आणि पाटी वाचून हसते. ती ओळ कोणी लिहिली? मोहल्ल्यातल्याच कोणीतरी. त्याला कोणी लेखक म्हणत नाही. तरी तो जे करतो ते ताज्या घडामोडीवरचं विनोदी लेखनच आहे. विषय सगळ्यांना ठाऊक असलेला, जागा चार-सहा शब्दांची, आणि मुदत अशी की मिरवणूक निघून गेली की ओळ वाया.

हे काम वर्षातून एकदा न करता दर आठवड्याला करायचं, तेही अनोळखी लोकांकडून लिहून घेऊन आणि त्यांना पैसे देऊन, हे ब्रिटनमधल्या रेडिओने करून दाखवलं. नागपुरातली मुलंमुली आज ‘स्किट लिहिलं, आता पाठवू कुठे?’ असं विचारतात, तेव्हा मला तो इतिहास सांगावासा वाटतो. तसंच दार आपल्याकडे का उघडलं नाही, हेही सांगावंसं वाटतं.

बीबीसीच्या रेडिओ ४ वर एप्रिल १९७० मध्ये ‘वीक एंडिंग’ सुरू झालं. आठवड्याच्या बातम्यांवर छोटी प्रहसनं असलेला हा कार्यक्रम १९९८ पर्यंत चालला. त्याची खरी कामगिरी पडद्यामागे होती. काही मिनिटांचं लेखन ठरलेल्या लेखकांकडे असायचं आणि उरलेली जागा मोकळी. त्या जागेसाठी दर आठवड्याला एक बैठक व्हायची, आणि ती ज्यांच्याशी काहीही करार नाही अशा लेखकांसाठी होती. ओळख लागत नसे, शिफारस लागत नसे. यायचं, या आठवड्यात कोणते विषय हवेत ते ऐकायचं, लिहायचं आणि कागद देऊन जायचं. निवडलं गेलं तर प्रसारित झालेल्या मिनिटांच्या हिशेबाने मानधन मिळे, आणि कार्यक्रमाच्या शेवटी नाव वाचलं जाई. ती नावांची यादी चांगलीच लांब असायची. विज्ञानविनोदासाठी पुढे जगभर वाचला गेलेला डग्लस अ‍ॅडम्स १९७८ च्या सुमारास बीबीसीत रेडिओ निर्माता होता, तेव्हा त्याने याच कार्यक्रमावर काम केलं होतं.

हे दार उघडं ठेवण्यात बीबीसीचा मोठेपणा होताच, पण त्याहून जास्त गरज होती. बातमीवरचा विनोद दुधासारखा नासतो. सोमवारी ज्यावर हशा आला ते पुढच्या सोमवारी कोणाला आठवतही नाही. घरगुती मालिकेचे वीस भाग आधी लिहून ठेवता येतात, आठवड्याच्या बातम्यांवरचा अर्धा तास आधी लिहून ठेवता येत नाही. त्यामुळे दर आठवड्याला नवा माल लागतो, आणि चार-पाच पगारी डोकी तेवढा पुरवू शकत नाहीत. दुसरं कारण खर्चाचं. रेडिओला नेपथ्य नको, वेशभूषा नको. तीन-चार आवाज सगळी पात्रं करतात. दोन मिनिटांचं स्किट फसलं तर दोन मिनिटंच फसतात. नवख्या लेखकावर एवढा डाव लावणं टीव्हीला कधीच परवडलं नसतं.

रेडिओ २ वर रॉय हड यांचं ‘द न्यूज हडलाइन्स’ १९७५ ते २००१ चाललं. तेही बाहेरून आलेलं लेखन घ्यायचं. हे दोन्ही कार्यक्रम बंद झाल्यावर वाट अरुंद झाली. मग २००९ मध्ये ‘न्यूजजॅक’ आलं, आधी रेडिओ ७ वर आणि त्या वाहिनीचं नाव बदलल्यावर रेडिओ ४ एक्स्ट्रावर. आता बैठकीची जागा ईमेलने घेतली. प्रत्येकाला ठराविकच स्किट आणि ठराविकच एकोळी विनोद पाठवता येत, मुदत आठवड्याच्या सुरुवातीची, आणि त्याच आठवड्यात प्रसारण. २०२१ मध्ये त्याच्या जागी ‘डीएम्स आर ओपन’ आलं. नाव समाजमाध्यमांतून घेतलेलं, पण रीत जुनीच : कोणीही पाठवा, आम्ही वाचू.

‘आम्ही वाचू’ हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्पर्धा आपल्याकडे भरपूर होतात. दर आठवड्याला, न चुकता, आलेला प्रत्येक कागद वाचणारा माणूस मात्र दुर्मीळ आहे. नव्या लेखकाला बक्षिसापेक्षा त्या वाचणाऱ्याची सवय घडवते. सात दिवसांनी पुन्हा लिहायचंच आहे हे माहीत असलं की नकाराचं दुःख फार काळ टिकत नाही.

आता नागपूरकडे येऊ. आकाशवाणीचं नागपूर केंद्र जुलै १९४८ मध्ये सुरू झालं. तेव्हा हे शहर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं, आणि केंद्र पहिल्यापासून मराठी-हिंदी दोन्ही बोलायचं. मुंबई-पुण्याच्या केंद्रांपेक्षा याची घडण त्यामुळे वेगळी. इथल्या लेखकाला दोन भाषांचा कान आपोआप मिळतो, आणि नागपुरी विनोदाचा अर्धा जीव एका वाक्यातून दुसऱ्या भाषेत घसरण्यातच असतो. रंजन कला मंदिर ही नाट्यसंस्था उभारणारे पुरुषोत्तम दारव्हेकर, ‘कट्यार काळजात घुसली’चे लेखक, यांनी आकाशवाणीत निर्माते म्हणून काम केलं. नाटकवाला माणूस रेडिओत आणि रेडिओतला माणूस नाटकात, अशी ये-जा या शहरात होती. १ नोव्हेंबर १९६७ ला आकाशवाणीने विविध भारतीवर जाहिराती घ्यायला सुरुवात केली, ती मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांपासून. काही सेकंदांत दोन पात्रं उभी करून हसू आणायचं, हे लेखन मराठी कानावर त्या जाहिरातींनीच पाडलं.

मराठी रेडिओवर विनोद कमी नव्हताच. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी, मीना वहिनी आणि पंत ही माणसं घराघरांत शेजाऱ्यांसारखी वावरली. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी यांचे ते आवाज. विविध भारतीच्या ‘हवा महल’ने देशभरच्या केंद्रांवरच्या हलक्याफुलक्या झलक्या वर्षानुवर्षं ऐकवल्या. पु. ल. देशपांडे काही काळ आकाशवाणीच्या नोकरीत होते. पण या सगळ्यात एक गोष्ट दिसत नाही : आठवड्याची बातमी. भाजी महागली हे येतं, कोणामुळे महागली हे येत नाही. सासू-सून, पगाराची तारीख, पाहुणे, भाडेकरू यांवरचं हसू उत्तम जमतं, आणि सत्तेवरच्या हसण्याला जागाच नसते.

याचं कारण लेखकांच्या भित्रेपणात शोधू नये. आकाशवाणीची प्रसारण संहिता १९६० च्या दशकाच्या अखेरीस ठरली. मित्रराष्ट्रांवर टीका नको, धर्म किंवा जमातींवर हल्ला नको, राष्ट्रपती, राज्यपाल आणि न्यायव्यवस्थेच्या सचोटीवर शिंतोडे नकोत, राजकीय पक्षाचं नाव घेऊन हल्ला नको, केंद्र किंवा राज्य सरकारवर वैरभावाची टीका नको. यातली काही कलमं कोणत्याही सभ्य प्रसारणाला लागतातच. पण सगळी एकत्र ठेवली की ‘वीक एंडिंग’सारख्या कार्यक्रमाला बसायला पाटही उरत नाही. आणि बातमीवरचा विनोद नाही म्हटल्यावर दर आठवड्याला नवा माल लागण्याची गरज नाही, म्हणून अनोळखी लेखकांच्या ढिगाऱ्याचीही गरज नाही. लेखन मंजूर करून घ्यायचं, कलाकारांची स्वरचाचणी, मग ध्वनिमुद्रणाची तारीख, हा आकाशवाणीचा क्रम नभोनाट्याला शोभतो. काल घडलेल्या गोष्टीवरच्या स्किटला तो फार हळू पडतो.

तरी दार पूर्ण बंद होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९६९ पासून आकाशवाणीने तरुणांसाठी ‘युववाणी’ सुरू केली, आणि कॉलेजातल्या पोरांना पहिला मायक्रोफोन, पहिला मानधनाचा धनादेश अनेकदा तिथेच मिळाला. पत्रोत्तराचे कार्यक्रम तर लेखनाची शाळाच होते. पोस्टकार्डावर मावेल एवढ्यात निवेदकाला हसवेल असं लिहायचं आणि रविवारी कान लावून बसायचं. आपलं नाव आणि गाव रेडिओवर ऐकण्याची ती ओढ ज्यांनी अनुभवली, त्यांना ‘वीक एंडिंग’च्या शेवटची नावांची यादी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

खासगी एफएम आलं तेव्हा हे बदलेल असं वाटलं होतं. देशातलं पहिलं खासगी एफएम केंद्र २००१ मध्ये बंगळुरूत सुरू झालं, आणि परवान्यांच्या दुसऱ्या फेरीनंतर नागपुरातही ही केंद्रं आली. पण परवान्यातच स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींना मनाई होती. पुढे मुभा मिळाली ती आकाशवाणीची बातमीपत्रं जशीच्या तशी ऐकवण्यापुरती. मग विनोद वळला फोनवरच्या खोड्यांकडे आणि एकाच निवेदकाने उभ्या केलेल्या पात्रांकडे. ते लेखन केंद्रातलीच माणसं करतात. ती हुशार असतात, आणि पोटापाण्यासाठी रोज लिहितात याचा मला आदर आहे. पण बाहेरून कागद आत जायची फट तिथेही राहिली नाही.

म्हणून नागपुरातला नवा विनोदी लेखक आज घडतो तो मुख्यतः युवा महोत्सवात. विद्यापीठांच्या महोत्सवांत एकांकिका, मूकाभिनय आणि नकलेबरोबर प्रहसन ही स्वतंत्र स्पर्धा असते : दहा मिनिटं, सहा कलाकार. सराव उत्तम होतो, पण सवय रंगमंचाची लागते. पोरगं पडतं, टोपी उडते, सगळे एकदम प्रेक्षकांकडे बघतात, हशा येतो. रेडिओवर यातलं काहीच दिसत नाही. दहा मिनिटांचं प्रहसन दोन मिनिटांत आणायचं तर आठ मिनिटं कापून भागत नाही, ते नव्यानेच लिहावं लागतं.

कसं, ते दाखवायला बडग्याचीच पाटी घेते.

मारबत : काऊन गा, पुन्हा खड्डेच? मागच्या साली नेले न मी!
माणूस : ते जुने होते वो माय. तुम्ही नेल्यावर त्याच जागी हे नवीन बसवले.

दोनच ओळी. पण कोण बोलतंय, कुठे बोलतंय आणि कशाबद्दल, हे पहिल्याच ओळीत ऐकू येतं. मागे ढोलाचा आवाज दिला की मिरवणूक उभी राहते. कोणत्याही पक्षाचं नाव नाही, कोणत्याही माणसाचं नाव नाही, त्यामुळे प्रसारण संहितेपुढेही हे टिकावं. तरी ऐकणाऱ्याला आपल्या गल्लीतला खड्डा आठवतो. आणि भाषा आपली आहे. नागपुरी बोली नाटकांत आणि मालिकांत बहुतेक वेळा गड्याच्या किंवा पोलिसाच्या तोंडी घालून तिच्यावर हसवलं जातं. इथे हसू खड्ड्यावर आहे, बोलीवर नाही. नव्या लेखकाने हा फरक पहिल्या दिवसापासून जपावा, असं मला कळकळीने वाटतं.

पाठवायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. आकाशवाणीच्या नाटक विभागाकडे श्रुतिका, म्हणजे छोटं नभोनाट्य, पाठवण्याची जुनी वाट अजून आहे. तिथे हे दोन मिनिटांचे तुकडे एकेकटे देऊ नयेत. एका धाग्यात ओवून पंधरा मिनिटांची श्रुतिका करावी आणि पोळ्याच्या दोन-तीन महिने आधी पोहोचवावी. दुसरी वाट स्वतःच्या पॉडकास्टची. मोबाइलवर ध्वनिमुद्रण होतं, आवाज कॉलेजातले मित्रमैत्रिणी देतात. तिथे आठवड्याची मुदत स्वतःच घालून घ्यायची, आणि गटातल्या एकाने फक्त आलेलं सगळं वाचायचं काम धरायचं. शेवटी लिहिणाऱ्यांची नावं वाचायला अर्धं मिनिट राखून ठेवायचं.