इंग्रजी शब्दांच्या आठ जाती आल्या कुठून?

‘अधोरेखित शब्दाची जात ओळखा’ या प्रश्नामागची यादी मुळात इंग्रजीसाठी केलेलीच नाही. ती ग्रीकांची. इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस होऊन गेलेल्या डायोनिसियस थ्रॅक्सच्या नावावर एक छोटेखानी व्याकरण आहे, त्यात आठ जाती सांगितल्या आहेत. विशेषण त्यात वेगळं नाही. ग्रीकमध्ये त्यालाही नामासारखीच विभक्ती लागते, म्हणून ते नामातच धरलं. लॅटिनमध्ये आर्टिकल (इंग्रजीतल्या ‘अ’, ‘द’ सारखा शब्द) नव्हतं. रोमन वैयाकरणांनी ते गाळलं, केवलप्रयोगी आत घेतलं आणि आकडा आठाचा आठच ठेवला!

चौथ्या शतकात रोममध्ये शिकवणाऱ्या डोनाटसने नामाच्या व्याख्येत दोन गोष्टी सांगितल्या: नामाला विभक्ती असते आणि ते वस्तू किंवा विषय दाखवतं. विभक्तीची अट आधी येते. लॅटिन शब्दाचा शेवट पाहिला की त्याची जात बहुधा कळायची.

इंग्रजीचे असे बहुतेक प्रत्यय मध्ययुगातच झिजून गेले. त्यांचं काम शब्दांच्या क्रमाने आणि प्रिपोझिशन्सनी उचललं. तरीही १५८६ साली विल्यम बुलोकरने इंग्रजीचं पहिलं छापील व्याकरण काढलं ते लॅटिनच्याच साच्यात. पुढे अठराव्या शतकात विशेषण नामापासून सुटलं. रॉबर्ट लौथ (१७६२) आणि लिंडले मरे (१७९५) यांनी आर्टिकल धरून नऊ जाती मानल्या. डोनाटसच्या व्याख्येतली विभक्ती मात्र गळाली आणि पाठ्यपुस्तकांत अर्थ तेवढा उरला: व्यक्ती, स्थळ, वस्तूचं नाव ते नाम. माझ्या मते विद्यार्थ्यांचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

प्रिपोझिशनचे हाल सर्वांत जास्त, कारण त्याला ना प्रत्यय, ना धड सांगता येईल असा अर्थ. ‘बिफोर लंच’ मध्ये ‘बिफोर’ प्रिपोझिशन, ‘बिफोर ही केम’ मध्ये उभयान्वयी आणि ‘आय सॉ हिम बिफोर’ मध्ये क्रियाविशेषण. अर्थ तिन्हीकडे तोच. डॅनिश अभ्यासक ऑटो येस्पर्सनने १९२४ मध्ये यावर बोट ठेवलं: क्रियापद सकर्मक असो वा अकर्मक, आपण त्याला क्रियापदच म्हणतो, मग इथेच तीन जाती कशाला? इंग्रजीच्या २००२ च्या केंब्रिज व्याकरणात हडलस्टन आणि पुलम यांनी असा ‘बिफोर’ तिन्ही ठिकाणी प्रिपोझिशनच मानला.

आपल्याकडे प्राचीन काळी ‘निरुक्त’ लिहिणाऱ्या यास्काने नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग आणि निपात (इतर अव्ययं) असे चारच प्रकार मानले होते. मराठीच्या आठ जाती रुळल्या त्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणापासून, आणि त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणांचा नमुना होता. शाळेतल्या प्रश्नपत्रिका, दोन्ही भाषांच्या, अजून जुन्याच यादीवर चालतात. तिथे ‘बिफोर’ आला की त्याच्यानंतर काय आहे ते पाहावं: नुसतं नाम किंवा सर्वनाम असेल तर प्रिपोझिशन, कर्ता-क्रियापद असलेलं वाक्य असेल तर उभयान्वयी, काहीच नसेल तर क्रियाविशेषण.